घरबसल्या शिक्षणाची वाट: दिघीच्या किनाऱ्यावरून

१ ऑक्टोबर १८५४ रोजी हिंदुस्थानात अर्ध्या आण्याचे टपाल सुरू झाले. त्याआधी पत्राचे पैसे अंतरावर ठरत, गाव जितके लांब तितका खर्च जास्त. नव्या पद्धतीत पाव तोळ्याचे पत्र शेजारच्या तालुक्यात जावो की पेशावरला, दर एकच झाला. इंग्लंडमध्ये ही सोय चौदा वर्षे आधी, १८४० मध्ये झाली होती. त्याच वर्षी आयझॅक पिटमन या शिक्षकाने लघुलेखनाचे धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थी धडा गिरवून परत पाठवत, पिटमन तो तपासून पुन्हा धाडत.

दूरशिक्षणाचा इतिहास सांगताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. त्यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. लघुलेखन आले की कारकुनाची चांगली नोकरी मिळत होती, म्हणजे शिकण्याची गरज लोकांना आधीच होती. टपाल स्वस्त झाले आणि त्या गरजेला वाट मिळाली. नुसते टपाल स्वस्त होऊन कोणी शिकायला बसले नसते, आणि टपाल महागच राहिले असते तर शिकण्याची इच्छा मनातच राहिली असती.

आज हाच प्रश्न नव्या रूपात विचारला जातो. महाविद्यालयातली मुलेमुली ऑनलाइन शिक्षणाची साधने कशामुळे स्वीकारतात? एखादी मुलगी ‘स्वयम’वरचा अभ्यासक्रम परीक्षेपर्यंत नेते, आणि दुसरी नाव नोंदवून पंधरा दिवसांत सोडून देते, असे का होते? जगभर यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले आहेत. मी हा प्रश्न दिघीच्या किनाऱ्यावरून पाहणार आहे. विद्यापीठाच्या आवारातून तो जसा दिसतो, तसा तो इथून दिसत नाही.

दिघी हे श्रीवर्धन तालुक्यातले, राजपुरी खाडीच्या तोंडावरचे गाव. समोर पाण्यात जंजिरा, पलीकडच्या काठावर आगरदांडा, पुढे मुरूड. १९४८ पर्यंत मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे तिन्ही महाल सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानात होते. आगरदांडा इथून डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने जायचे तर खाडीला मोठा वळसा पडतो. म्हणून माणसे बोटीने जातात. गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीला आमच्याकडे जंगलजेटी म्हणतात. बंदराचा मोठा प्रकल्प आला, २०२१ मध्ये तो अदानी समूहाकडे गेला. अवजड ट्रक गावाच्या ओळखीचे झाले. पदवीचे महाविद्यालय मात्र दिघीत नाही. बारावीनंतर शिकायचे तर श्रीवर्धन, म्हसळा, नाहीतर खाडी ओलांडून मुरूड, आणि त्यापुढे पनवेल-मुंबई. अशा गावात ‘घरबसल्या पदवी’ या शब्दांना शहरापेक्षा जास्त वजन असते.

चिठ्ठीने मिळालेले इल्म

शिक्षक समोर नसताना मिळवलेले ज्ञान खरे मानायचे की नाही, हा वाद इंटरनेटपेक्षा फार जुना आहे. हदीसच्या अभ्यासकांनी तो सविस्तर घातला आहे. दमास्कसचे विद्वान इब्नुस्सलाह (मृत्यू १२४५) यांनी हदीस एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोहोचण्याचे आठ प्रकार नोंदवले. पहिला प्रकार ‘समाअ’, म्हणजे उस्तादाच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकणे. शेवटचा ‘विजादा’, म्हणजे कोणाच्या तरी हातचे लिखाण सापडले आणि ते वाचले. या दोन टोकांच्या मध्ये, पाचव्या जागी ‘मुकातबा’ आहे. उस्ताद दूरच्या शहरातल्या शागिर्दाला लिहून पाठवतो, आणि शागिर्द त्या पत्रावरून शिकतो.

मुकातबा मान्य करताना विद्वानांनी दोन गोष्टींवर चर्चा केली. पत्रासोबत उस्तादाने पुढे शिकवण्याची परवानगी, म्हणजे इजाजत, दिली आहे का? आणि हे अक्षर त्याच उस्तादाचे आहे हे शागिर्दाला ओळखता येते का? आजच्या भाषेत पहिला प्रश्न मान्यतेचा आहे आणि दुसरा खरेपणा पडताळण्याचा. ऑनलाइन पदवीबद्दल दिघीतला एखादा बाप मला प्रश्न विचारतो तेव्हा तो याच दोनपैकी एक असतो: “ही डिग्री चालते का?” किंवा “हे लोक खरे आहेत का?” इंटरनेटचा वेग किती, ॲप कसे दिसते, हे तो विचारत नाही.

उर्दू जाणणाऱ्या घरांना दूरशिक्षणाची ओळख इंटरनेटच्या आधीपासून आहे. जामिया उर्दू ही संस्था १९३९ पासून अदीब, अदीब-ए-माहिर, अदीब-ए-कामिल अशा परीक्षा घेत आली. घरी अभ्यास करायचा आणि केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. १९९८ मध्ये हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ स्थापन झाले, तेही सुरुवातीला दूरशिक्षणाच्याच मार्गाने. उर्दू माध्यमातून शिकलेली, पण महाविद्यालयापर्यंत पोहोचू न शकलेली मुलेमुली देशभर विखुरलेली होती. त्यांच्यापर्यंत जाण्याचा तो सर्वांत व्यवहार्य मार्ग होता.

कालिना आणि नाशिक

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभे राहिले. शिकवणार महाविद्यालये आणि परीक्षा घेणार विद्यापीठ, अशी ती रचना होती. पण १८५८ मध्ये लंडनने पुढचे पाऊल टाकले. संलग्न महाविद्यालयात हजेरी लावलेली नसली तरी परीक्षेला बसण्याची मुभा दिली, आणि जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातला माणूस लंडनचा पदवीधर होऊ शकला. आपल्याकडे हा विचार रुजायला शंभरावर वर्षे गेली. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. मुंबई विद्यापीठाचा पत्रद्वारा शिक्षण विभाग १९७१ चा. त्याचीच पुढे दूर व मुक्त अध्ययन संस्था झाली, जिला सगळे ‘आयडॉल’ म्हणत. आता तिचे नाव दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र असे आहे.

रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो, म्हणून कोकणपट्टीतल्या कित्येक घरांत ‘कालिनाहून आलेली पुस्तके’ हा शब्दप्रयोग ऐकू येतो. नोकरीसाठी मुंबईला गेलेला मुलगा दिवसा काम करी आणि रात्री त्या पुस्तकांवरून बी.कॉम.चा अभ्यास करी. त्याला कोणी दूरशिक्षणाचे फायदे समजावून सांगितले नव्हते. कार्यालयात पदवी असलेल्याला बढती मिळते हे त्याने पाहिले होते, आणि खोलीवरचा दुसरा कोणीतरी तीच परीक्षा देत होता. एवढ्यावर त्याचे ठरले.

१९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. या विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा मार्ग ठेवला, मराठीतून पुस्तके तयार केली आणि गावोगावी अभ्यासकेंद्रे नेली. ज्याचे शिक्षण मध्येच सुटले होते त्याला पुन्हा दहावी-बारावीच्या रांगेत उभे राहावे लागले नाही. सेवेत असलेल्या शिक्षकांनी बी.एड. करायचे तर नाशिकचे नाव आजही सर्वांत आधी निघते.

महाराष्ट्रातले आणखी एक उदाहरण घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम राज्यभर पसरला. ज्या गावात संगणक दुर्मीळ होता तिथेही केंद्राबाहेर मुलामुलींच्या चपला दिसू लागल्या. कारण उघड होते. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत हे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले होते. संगणकाची भीती होतीच, फीही अनेकांना जड होती, तरी लोकांनी तो केला.

संशोधक काय सांगतात

१९४३ मध्ये ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांनी कसे स्वीकारले, हा विषय. नव्या बियाण्याची बातमी शेतकऱ्याला बहुधा विक्रेत्याकडून कळत होती, पण पेरण्याचा निर्णय तो शेजाऱ्याचे पीक पाहून घेत होता. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात यावर मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या पायाशी हा मक्याचा अभ्यास आहे.

१९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी संगणकाबाबत असाच प्रश्न विचारला. माणूस नवे तंत्र वापरायला घेतो तेव्हा दोन गोष्टी मनात तोलतो: याचा मला उपयोग किती, आणि हे वापरायला सोपे किती. डेव्हिस यांना आढळले की उपयोगाचे वजन सोपेपणापेक्षा बरेच जास्त असते. उपयोग पटला तर माणूस अवघड गोष्टही शिकून घेतो. एमएस-सीआयटीच्या केंद्राबाहेरच्या चपला हेच सांगत होत्या.

२००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश यांनी डेव्हिस आणि इतर सहकाऱ्यांसोबत या विषयातले आठ सिद्धान्त एकत्र करून एक आराखडा मांडला. विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन शिक्षणावरचे बहुतेक अभ्यास आजही त्यावर आधारलेले असतात. त्यात चार घटक आहेत: फायद्याची अपेक्षा, लागणारे श्रम, आपल्या माणसांचे मत आणि हाताशी असलेली सोय. त्यातले ‘आपल्या माणसांचे मत’ जिथे वापर सक्तीचा असतो तिथे, आणि सुरुवातीच्या काळात जास्त परिणाम करते, असे त्यांना दिसले. स्त्रियांच्या बाबतीत हा परिणाम अधिक ठळक होता.

मोठ्या विद्यापीठांनी इंटरनेटवर खुले अभ्यासक्रम टाकले तेव्हा नोंदणीचे आकडे पाहून जग थक्क झाले होते. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० लोकांनी नाव नोंदवले. पूर्ण करणारे वीस-तेवीस हजार निघाले. पुढे हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा अभ्यासक्रमांचा २०१९ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा नोंदणी करणाऱ्यांपैकी पूर्ण करणारे तीन टक्क्यांच्या आसपास दिसले. मात्र प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांनी अभ्यासक्रम पुरा केला होता. फुकट नाव नोंदवणे आणि स्वीकारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे ‘स्वयम’ची घोषणा ९ जुलै २०१७ रोजी झाली. त्यावरचे श्रेयांक पदवीत धरता येतील असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने आधीच केला होता, आणि २०२१ मध्ये त्याची मर्यादा वीस टक्क्यांवरून चाळीस टक्क्यांवर नेली. गुणपत्रिकेत जागा मिळाल्याशिवाय विद्यार्थी टिकत नाही, हे धोरण ठरवणाऱ्यांनाही कळले होते.

२०२० सालचा उन्हाळा आणि पावसाळा

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. झूम आणि गुगल मीट हे शब्द आठवडाभरात प्रत्येक घरात पोहोचले. त्या वेळी ऑनलाइन शिक्षण ‘स्वीकारले गेले’ असे अनेकांनी लिहिले. पण दुसरा पर्यायच नव्हता तेव्हा त्याला स्वीकार म्हणणे कठीण आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून मोबाइलचा डेटा स्वस्त झाला होता. अर्ध्या आण्याच्या टपालासारखी ती घटना होती. पण चारजणांच्या घरात एकच चांगला फोन, आणि तोही कमावत्याच्या खिशात, ही स्थिती डेटा स्वस्त झाल्याने बदलत नाही.

त्यात ३ जून २०२० चा दिवस आला. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड या पट्ट्यातली नारळ-सुपारीच्या बागायती आडव्या झाल्या. घरांचे पत्रे आणि कौले उडाली, विजेचे खांब पडले. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. मोबाइलचे मनोरे बंद पडल्याने मुंबईतल्या आणि आखातातल्या नातेवाइकांना आपली माणसे सुखरूप आहेत की नाहीत हेही कळेना. फोन चार्ज करायला लोक जनरेटर असलेल्या ठिकाणी रांगा लावत होते.

अंतिम वर्षाच्या मुलांची परिस्थिती आठवून पाहा. डोक्यावर ताडपत्री, आणि परीक्षा होणार की नाही याचा निकाल दिल्लीत लागायचा होता. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने परीक्षा घ्याव्यात असे सांगितले. राज्य सरकारचे मत वेगळे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २८ ऑगस्टला न्यायालयाने सांगितले की परीक्षेशिवाय अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पदवी देता येणार नाही. ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या. आमच्या भागातल्या मुलांनी त्या रेंज मिळेल अशा टेकाडावर, मुंबईच्या नातलगांकडे, ओळखीच्या दुकानात बसून दिल्या.

त्या मुलांनी हे सगळे निभावले, हे खरे. पण महाविद्यालये उघडली तेव्हा त्यांतली बहुतेक आनंदाने वर्गात परतली, हेही तितकेच खरे. सक्ती संपल्यावर जे उरते तेच मोजायला हवे. उरले काय, तर फोनवर एखादा विषय शोधून पाहण्याची सवय, अर्ज आणि फी ऑनलाइन भरण्याची धिटाई, आणि ऑनलाइन म्हणजे फसवणूक ही भीती थोडी कमी झालेली.

दिघीत कोणती गोष्ट चालते

संशोधकांचे चार घटक आमच्या गावात आणून पाहिले तर त्यांना निराळे रूप येते.

पहिला घटक फायद्याचा, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ मान्यता. २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा जाहीर केले. पण हे वाक्य गावात पोहोचायला जाहिरात पुरत नाही. त्या पदवीवर कोणीतरी नोकरीला लागलेला डोळ्यांनी पाहावा लागतो. आखातात जाणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा असतो. तिथे प्रमाणपत्राची शासकीय साक्षांकने लागतात, म्हणून घरचे लोक आधी विचारतात, “तिकडे चालेल का?” या प्रश्नाला ठाम उत्तर देणारा माणूस मिळाला की अर्धे काम होते.

दुसरा घटक श्रमांचा. फोन हाताळण्याची अडचण आमच्याकडे लोक समजतात तेवढी नाही, आणि त्याचे कारण शाळा नव्हे. कोकणी मुसलमानांच्या असंख्य घरांतली माणसे जहाजावर किंवा आखातात आहेत. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, म्हणून आमच्या आया-आज्यांनी आयएमओ शिकून घेतले, नंतर बोटिम. अक्षरओळख बेताची असलेली आजी नातवाचा चेहरा पाहण्यासाठी व्हिडिओ कॉल लावते. डेव्हिस यांना संगणकावर दिसले ते आमच्या ओट्यावर रोज दिसते. उपयोग जिव्हाळ्याचा असेल तर सोपे-अवघड मागे पडते.

खरे श्रम पडतात ते भाषेपाशी. उर्दू माध्यमातून दहावी झालेली मुलगी अकरावीला एकदम इंग्रजीत किंवा मराठीत जाते. मराठी माध्यमाच्या मुलीचीही इंग्रजीपुढे तीच गत होते. ‘स्वयम’वरचा बराचसा मजकूर इंग्रजीत आहे. मग ती यूट्यूबकडे वळते. तिथे कोणी हिंदीत अर्थशास्त्र समजावून सांगत असतो. बोललेली हिंदी उर्दूवालीला आणि मराठीवालीला सारखीच कळते, तिथे लिपी आड येत नाही. विद्यापीठाची पोर्टले ओस आणि यूट्यूब भरलेले, याचे कोडे मला या एका गोष्टीने बरेच सुटते. आपली मुले आळशी आहेत म्हणून पोर्टलावर जात नाहीत, हा निष्कर्ष घाईचा आहे. त्यांना कळेल अशा बोलीत शिकवणारा जिथे भेटला तिथे ती गेली.

तिसरा घटक आपल्या माणसांच्या मताचा. इथे आयोवाचा शेतकरी आणि दिघीची आई सारखेच वागतात. शाळेत कोणी येऊन अभ्यासक्रमाची माहितीपत्रके वाटली तर मुली ती वहीत ठेवतात. पण शेजारच्या गल्लीतल्या सुनेने नाशिकहून बी.ए. पूर्ण केले की पुढच्या वर्षी तिच्या दोन मैत्रिणी अर्ज भरतात. त्या सुनेने कोणते केंद्र निवडले, परीक्षेला कोणासोबत गेली, स्वाध्याय कसे लिहिले, सगळे तिलाच विचारले जाते. मुकातबात शागिर्द उस्तादाचे अक्षर ओळखत असे. आमच्याकडे ओळखीचे माणूस हीच ती खूण.

चौथा घटक सोयीचा. घरातला फोन कोणाच्या हाती, वीज किती तास, आणि घरात बसायला शांत कोपरा आहे का? अभ्यासात या बाबी ‘साधनांची उपलब्धता’ या एका ओळीत मावतात. प्रत्यक्षात भाऊ घरी आला की फोन त्याच्याकडे जातो. मुलीच्या हातात फोन तासभर दिसला की कोणीतरी टोकते. अभ्यास चालला आहे की गप्पा, हे पडद्याकडे पाहून इतरांना कळत नाही. पुस्तक हातात धरलेल्या मुलीकडे कोणी संशयाने पाहत नाही. पुस्तकाने पिढ्यान्‌पिढ्या मिळवलेला हा विश्वास फोनला अजून मिळालेला नाही.

दार की कुंपण

इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटणाऱ्या मुद्द्याकडे यायचे आहे. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात नोंदवले की देशात वीस वर्षांवरील सुमारे सात टक्के लोक पदवीधर किंवा पदविकाधारक होते, मुसलमानांमध्ये हे प्रमाण चार टक्क्यांपेक्षा कमी होते. त्यानंतर चित्र सुधारले आहे. आमच्या मुली बारावीपर्यंत शिकतात आणि पुष्कळदा मुलांपेक्षा चांगले गुण मिळवतात. अडते ते बारावीनंतर, बोट आणि एसटीच्या वेळापत्रकापाशी.

अशा घरासाठी ऑनलाइन पदवी हे दोन्ही होऊ शकते. जिला तीन वर्षे घरीच बसावे लागले असते तिच्यासाठी ते दार आहे. लग्न झालेल्या, मुले झालेल्या, सासू-सासऱ्यांची देखभाल करणाऱ्या बाईसाठी तर दुसरे दारच नाही. पण जी मुलगी श्रीवर्धनला किंवा मुरूडला जाऊन शिकू शकली असती, जिच्या घरची परिस्थिती बरी आहे, तिलाही आता सहज सांगता येते, “घरबसल्या होते ना, मग जायचे कशाला?” कालपर्यंत तिला महाविद्यालयात न पाठवण्याचे कारण द्यावे लागत होते. आज कारण द्यायची गरज उरली नाही, कारण ‘शिक्षण चालूच आहे’.

महाविद्यालयात मुलगी विषयाखेरीज आणखी बरेच शिकते. तिकीट काढणे, उशीर झाला तर काय करायचे, वेगळ्या धर्माच्या आणि जातीच्या मैत्रिणी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, चारचौघांत हात वर करून प्रश्न विचारणे. विज्ञान शाखेच्या मुलीला तर प्रयोगशाळेवाचून पदवी अर्धीच मिळते. म्हणून ‘विद्यार्थ्यांनी ऑनलाइन शिक्षण किती स्वीकारले’ एवढाच आकडा मोजणाऱ्यांनी सोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: हे स्वीकारताना तिच्यापुढे दुसरा पर्याय होता का? २०२० मध्ये सगळ्या देशाला पर्याय नव्हता. आमच्या काही मुलींसाठी ते २०२० अजून संपलेले नाही.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. पत्रद्वारा शिक्षणाला एकेकाळी दुय्यम मानले जाई, आणि ‘कॉरस्पॉन्डन्सवाला’ हा शब्द थोडा हिणवून वापरला जाई. तरीही त्या पुस्तकांवर शिकून माणसे बँकांत, शाळांत, सरकारी कचेऱ्यांत उभी राहिली आणि पुढच्या पिढीला नेहमीच्या महाविद्यालयात पाठवू शकली. म्हणून मी ऑनलाइनच्या विरोधात नाही. एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करण्याची मुभा आयोगाने दिली आहे. मुलगी महाविद्यालयात जावी आणि सोबत घरून दुसरे काही शिकावे, हे आता नियमात बसते. या वाटेचा विचार आपल्याकडे फार कमी झाला आहे.

आपल्या हाती काय आहे

नियम दिल्लीत होतात, अभ्यासक्रम मुंबईत आणि नाशिकला ठरतात. पण वर सांगितलेल्या चारपैकी निदान तीन घटक गावाच्या हातात आहेत. जमातीने, ग्रामपंचायतीने किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एक खोली, चांगले इंटरनेट आणि दोन संगणक एवढे जरी केले, आणि मुलींसाठी वेळ ठरवून दिली, तर घरातल्या एका फोनवरचा भार उतरतो. ती खोली सर्व समाजांच्या मुलांना खुली असावी, कारण कोळीवाड्यातल्या मुलीची अडचण मोहल्ल्यातल्या मुलीपेक्षा वेगळी नाही. ज्या बायकांनी दूरशिक्षणातून पदवी घेतली आहे त्यांची नावे गावातच आहेत. जून-जुलैत प्रवेशाच्या दिवसांत त्यांनी आठवड्यातून एक दुपार तिथे बसावे. माहितीपत्रकापेक्षा त्यांचे शब्द घराघरांत लवकर पोहोचतील. प्रवेशाआधी संस्थेची मान्यता आयोगाच्या संकेतस्थळावर तपासून देणारा एक माणूस हवा, म्हणजे कोणाची फी बुडणार नाही.

आणि ज्या घरांना शक्य आहे त्यांनी मुलीचा जंगलजेटीचा आणि एसटीचा पास काढावा. ऑनलाइन अभ्यासक्रम तिने संध्याकाळी घरी येऊन करावा.